रिपोर्ट नॉर्मल, रात्र जागी

ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या नेमक्या जागी, महिनोन्‌महिने दुखत राहतं. पिशवी भरत आली की कळ चढते, लघवी झाली की जरा उतरते आणि थोड्या वेळात पुन्हा सुरू होते. दिवस कामाच्या रेट्यात निघून जातो. रात्री मात्र तासा-दीड तासाने उठावं लागतं, आणि परत येऊन पडल्यावरही डोळा लागत नाही. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत काही दिसत नाही. डॉक्टर या दुखण्याला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ मूत्राशयाशी निगडित वेदना, जोडीला वारंवार किंवा घाईची लघवी, आणि संसर्ग वा दुसरं कुठलंही उघड कारण नसणं, अशी अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेची व्याख्या आहे. म्हणजे जंतू न सापडणं हा या आजाराच्या ओळखीचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र तोच नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन ‘ताई, तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगितलं जातं.

या दुखण्याबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक रुग्णाने काय करावं याचे असतात: मन शांत ठेवा, चहा सोडा, व्यायाम करा. सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चहा सोडायला, व्यायाम करायला, हवं तेव्हा लघवीला जायला आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठायला रुग्ण मोकळी आहे, असं ते मानून चालतात. माझं म्हणणं असं, की हे दुखणं घेऊन जगता येतं की नाही, हे तिच्या सहनशक्तीवर फार थोडं अवलंबून असतं. ते ठरतं दवाखान्यात तिचं बोलणं किती ऐकलं जातं, घरात तिच्या झोपेला किती किंमत आहे आणि कामाच्या जागी संडास किती लांब आहे यावर.

हे तपासून पाहायला भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यासारखी दुसरी जागा नाही. मुंबईची जकातीची हद्द जवळ, मुंबई-आग्रा महामार्ग हाताशी, न्हावाशेव्याचं बंदरही फार लांब नाही. त्यामुळे दापोडे, माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या आगरी गावांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गाळे वाढतच राहिले, कारण ऑनलाइन खरेदीचा माल इथूनच मुंबईच्या घराघरांत जातो. आपण रात्री अकरा वाजता मोबाइलवर मागवलेली वस्तू कुणीतरी रात्रपाळीत शेल्फवरून काढतं, स्कॅन करतं, खोक्यात भरून टेप मारतं.

समजा, अशा एका गाळ्यात पॅकिंगला उभी राहणारी, चाळिशीला आलेली बाई आहे आणि तिला हे दुखणं आहे. कामावर ठेकेदाराची माणसं भरलेल्या खोक्यांचा आकडा मोजतात. संडास कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला, कंटेनरच्या ड्रायव्हरांच्या गर्दीतून वाट काढत जायचं. म्हणून ती सकाळपासून पाणीच कमी पिते. कमी पाण्याने लघवी दाट होते आणि आधीच हुळहुळ्या झालेल्या पिशवीला जास्त झोंबते. संध्याकाळी घरी आल्यावर ती दिवसभराची तहान तांब्यातांब्याने भागवते आणि त्याचा हिशेब रात्री चुकता होतो. घर म्हणजे चाळीतली एक खोली, संडास चाळीच्या टोकाला. रात्री दोन वाजता तिथवर जायचं धाडस होत नाही, म्हणून कोपऱ्यातली मोरी. मोरीत पाणी ओततानाही तांब्या अलगद कलता करायचा, कारण शेजारीच नवरा आणि मुलं झोपलेली असतात आणि नवऱ्याला पहाटेची पाळी असते. असं चार-पाच वेळा उठून ती सकाळी सहाला पुन्हा उभी. ‘पाणी भरपूर प्या, ताण घेऊ नका, पुरेशी झोप घ्या’ हे तीन सल्ले तिला सांगून पाहा.

आता तिचा दवाखान्याचा प्रवास बघू. सुरुवात घरातूनच होते. ‘उन्हाळी लागली असेल, उष्णता वाढली असेल.’ धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी. दोन दिवस बरं वाटतं, कारण पाणी पोटात गेलेलं असतं. मग मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांच्या गोळ्या. मग नाक्यावरचे डॉक्टर, अँटिबायोटिकचा कोर्स. महिन्याने दुसरा, त्यानंतर तिसरा, आणखी वरच्या दर्जाचा. लघवीत खरोखर जंतू असतील तर अँटिबायोटिक लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण कल्चरमध्ये काहीच उगवलं नसताना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही, असं अमेरिकेतल्या त्याच संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. अशा कोर्सने पिशवीचं दुखणं बरं होत नाही, पोट बिघडतं आणि अंगातले जंतू औषधाला निगरगट्ट होतात.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच महागात पडते. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणून हाच आजार, असं ठरवूनही चालत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर आहेत पण नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं दिसलं की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा घ्यायला हवा. मूत्रपिंडाचा क्षय मूत्राशयात उतरला की पिशवी आक्रसते, दिवसरात्र लघवी लागते, दुखतं, आणि क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये सापडतच नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते. लघवीत रक्त दिसलं, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या, तर मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका दुर्बिणीने तपासून दूर करावी लागते. कापड रंगवण्याचे धंदे असलेल्या भिवंडीने एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी: रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचे कर्करोग होतात हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने 1895 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून ‘काही नाही’ हा निष्कर्ष सगळं तपासून झाल्यावर काढायचा असतो, आणि तेव्हाही त्याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा होत नाही.

वैद्यकशास्त्राला हे समजायला फार वेळ लागला. बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी 1915 च्या सुमारास बायकांच्या मूत्राशयातल्या एका विशिष्ट व्रणाचं वर्णन केलं. तो व्रण आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण तो थोड्याच रुग्णांत दिसतो. ज्यांच्यात दिसला नाही त्यांचं दुखणं पुढची कित्येक दशकं मनाचे खेळ म्हणून धरलं गेलं. अमेरिकेत विकी रॅटनर ही वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी स्वतः या आजाराने बेजार होती आणि डॉक्टर तिलाही ताणाचं कारण सांगत होते. तिने 1984 मध्ये रुग्णांची संघटना उभी केली, तेव्हा कुठे सरकारी संशोधनाला चालना मिळाली. 1987 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संस्थेने संशोधनासाठी निकष ठरवले. त्यांत रात्री लघवीला उठावं न लागणं ही रुग्णाला अभ्यासातून वगळण्याची एक अट होती, इतकं रात्रीचं जागणं या आजाराच्या मुळाशी धरलं गेलं होतं. पण संशोधनाचे हे कडक निकष पुढे दवाखान्यातही लावले गेले. ते लावले तर तज्ज्ञांना ज्यांच्या आजाराबद्दल फारशी शंका नाही अशांपैकी 60 टक्क्यांहून जास्त रुग्ण गळतात, हे 1999 मध्ये दिसून आलं. 2011 मध्ये रँड या संस्थेने अमेरिकेतल्या बायकांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. लक्षणं असलेल्यांपैकी जेमतेम 10 टक्के जणींना आजाराचं नाव मिळालेलं होतं. विमा, तज्ज्ञ आणि दुर्बिणी हाताशी असलेल्या देशाची ही गत असेल, तर दापोड्याच्या चाळीतल्या बाईची फाइल कुठे अडकली असेल ते सांगायला नको.

महाराष्ट्राला हा धडा आपल्याच मातीतून मिळालेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास मूत्राशयाचा नव्हता. पण कमरेखालच्या दुखण्याबद्दल बाई बोलत नाही आणि तिला कुणी विचारत नाही, हे त्याने आकड्यांत मांडलं. विचारलं नाही की पुढे काय होतं, ते तीस वर्षांनी बीडने दाखवलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे गरिबी, बुडणारी मजुरी, खासगी दवाखान्यांचा नफा अशी बरीच कारणं होती. पण दुखणं नीट उलगडून बघण्यापेक्षा अवयव काढून मोकळं होण्याची सवय हेही त्यांतलंच एक. मूत्राशयाच्या वेदनेच्या रुग्णांत गर्भाशय काढलेल्या बायकांचं प्रमाण जास्त असल्याचं आणि ती शस्त्रक्रिया बहुधा निदानाच्या आधीच झालेली असल्याचं परदेशी अभ्यासांतही आढळलं आहे. एक पिशवी दुखते म्हणून दुसरी काढायची, आणि दुखणं तिथेच.

मग रात्रीच हे का उफाळतं? यातलं थोडं आपल्याला कळतं. निरोगी माणसाच्या शरीरात रात्री एका संप्रेरकामुळे लघवी कमी तयार होते आणि पिशवी एरवीपेक्षा जास्त साठवते. पिशवीलाही स्वतःचं घड्याळ असतं: क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये उंदरांच्या मूत्राशयात एक प्रथिन दिवस-रात्रीच्या तालावर कमी-जास्त होतं आणि त्यावर पिशवीची साठवण ठरते, असं दाखवलं. या आजारात पिशवीच्या आतलं संरक्षक अस्तर कमकुवत झालेलं असावं आणि तिथल्या नसा हुळहुळ्या होऊन साध्या भरण्यालाही वेदना म्हणून कळवत असाव्यात, असा आजचा अंदाज आहे. त्यात अपुरी झोप वेदना सोसण्याची शक्ती खाली आणते. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जास्त दुखतं, असा फेरा पडतो. आठवड्याला पाळी बदलणारी नोकरी या फेऱ्याला आणखी जोर देते. पाळी बदलता येत नसेल तर ध्यानधारणेने तो तुटेल ही आशा भाबडी आहे.

करण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. पहिलं काम तीन दिवसांची नोंद. खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्यायचा, आणि किती वाजता, किती मिली लघवी झाली, तेव्हा दुखणं दहापैकी किती होतं, काय प्यायलं होतं, हे वहीत लिहायचं. निरोगी प्रौढाची पिशवी 400-500 मिली साठवते. वहीत रात्रीची प्रत्येक खेप 80-100 मिलीची आणि दुखऱ्या आकड्याची दिसली तर पिशवी साठवू देत नाही असा अर्थ. प्रत्येक खेप 300-400 मिलीची असेल तर मामला वेगळा: मधुमेह, पायावरची सूज, किंवा निजायच्या वेळी प्यायलेलं पाणी शोधायचं. एवढी वही डॉक्टरपुढे ठेवली की संभाषणच बदलतं, कारण ‘फार त्रास होतो’ या वाक्याला आता आकडे आहेत.

पाणी तोडायचं नाही, वाटून प्यायचं. दिवसभर थोडं थोडं आणि झोपायच्या दोन-तीन तास आधी कमी. चहा, कॉफी, तिखट, टोमॅटो, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळं, सोडा, दारू हे बऱ्याच जणांना बाधतं. पण सगळ्यांना सगळं बाधत नाही. दोन आठवडे सगळं सोडून एकेक परत सुरू करावं, वहीत खूण करावी आणि जे बाधतं तेच कायमचं सोडावं. नाहीतर पथ्याच्या धाकाने बाई भात-ताकावर येते आणि अशक्त होते. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी हा साधा आधार आहे. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. लघवीची तक्रार म्हटली की हल्ली सगळे ‘केगलचा व्यायाम करा’ म्हणतात. या आजारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुधा आधीच ताठलेले असतात. त्यांना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. मार्गदर्शक तत्त्वं इथे केगल टाळायला सांगतात आणि ते स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी सुचवतात.

औषधांतही एक अडसर आपणच उभा केलेला आहे. ॲमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त औषध अगदी कमी मात्रेत रात्री दिलं तर काही रुग्णांचं दुखणं कमी होतं आणि झोप लागते. पण ते मुळात नैराश्यावरचं औषध. मेडिकलवाल्याने किंवा शिकलेल्या भाच्याने तसं सांगितलं की बाई हबकते: ‘म्हणजे डॉक्टरांनी मला वेडी ठरवलं!’ नसांच्या दुखण्यासाठी ही गोळी दिली आहे, हे चिठ्ठी लिहितानाच सांगायला एक मिनिट लागतं. त्या मिनिटाअभावी गोळ्यांची पट्टी कपाटात पडून राहते. पेंटोसान नावाचं दुसरं औषध 1996 पासून अमेरिकेत मान्य आहे. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाल्याचं 2018 पासून समोर आलं आहे, तेव्हा डोळे तपासल्याशिवाय ते चालू ठेवू नये. नळीने पिशवीत औषध सोडणं, दुर्बिणीने हनरचा व्रण जाळणं हे पुढचे टप्पे. कायमचा इलाज हमखास कुणालाच सांगता येत नाही. पण रात्री पाच वेळा उठणारी दोन वेळा उठू लागली तर तिचा दुसरा दिवस उभा राहतो, हेही यश आहे.

आता संडासाकडे येतो. यावर एक आक्षेप रास्त आहे: लघवी रोखून धरल्याने हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, मग गोदामाच्या संडासाचा इथे संबंध काय? आजार कशाने होतो याची जबाबदारी मी गोदामावर टाकत नाही. आजार झाल्यावर माणूस नोकरी करू शकतो की नाही, ते मात्र संडासच ठरवतो. उपचारात पिशवीला सवय लावण्याचा भाग असतो: दुखणं आटोक्यात असताना दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवत न्यायचं. हे अंतर रुग्ण ठरवते आणि असह्य झालं की उठून जाते. सुपरवायझर ठरवतो तेव्हा तीच क्रिया छळ होते.

कायद्याने हे कधीच ओळखलं होतं. कामगार जागेवर आहेत तोवर कोणत्याही वेळी जाता येतील अशी, सोयीच्या जागी असलेली संडास-मुतारी हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 19 व्या कलमातच होतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बायकांना त्यांच्या संमतीने रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली, आणि त्याबरोबर त्यांची प्रतिष्ठा, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. शहरांतही स्वच्छतागृहं भांडूनच मिळवावी लागली. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली. विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या वतीने पुण्यातल्या स्वच्छतागृहांसाठी जनहित याचिका झाली आणि 2015 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश दिले. दापोडे मात्र ग्रामपंचायतीचं गाव आणि गाळ्यांचे रस्ते खासगी. महापालिकांवरच्या त्या आदेशाचा धाक इथल्या कंपाउंडच्या गेटवर थांबतो.

‘क्षय, डेंगी, बाळंतपणं यांतून वेळ मिळाला तर ही दुखणी बघू,’ असंही म्हटलं जाईल. हिशेब करून बघा. फुकट गेलेले अँटिबायोटिकचे कोर्स, दोन-तीन सोनोग्राफ्या, बुडालेले रोज, शेवटी गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. हा खर्च आज होतोच आहे, फक्त तो त्या घराच्या खात्यावर पडतो. क्षयाचा मुद्दा तर उलटाच आहे: नॉर्मल कल्चरवर न थांबता पुढचा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर लघवीच्या मार्गातला क्षयही लवकर सापडेल. आणि हा फक्त बायकांचा प्रश्न आहे असंही समजू नये. हमालीच्या आणि ड्रायव्हरच्या कामातल्या पुरुषांनाही हे दुखणं होतं. त्यांच्या कागदावर बहुधा प्रोस्टेट लिहिलं जातं आणि तेही तसेच वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात.

म्हणून मागणं थोडंच आहे. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहिण्याआधी कल्चर पाहावं, तीन दिवसांची वही मागावी आणि रुग्णाला युरॉलॉजिस्टकडे पाठवावं. घरच्यांनी रात्री दिवा लागला म्हणून कुरकुर करू नये, आणि सकाळचा डबा एक दिवस दुसऱ्या कुणी केला तर बिघडत नाही. गाळेमालकाने आणि ठेकेदाराने प्रत्येक इमारतीत बायकांसाठी कडी, पाणी आणि दिवा असलेला संडास ठेवावा आणि तिथे गेलेली मिनिटं आकड्यातून कापू नयेत. आणि ज्या बाईची रात्र अशी जाते, तिने ‘काही नाही’ हे उत्तर घेऊन घरी परतू नये. वही घेऊन पुन्हा जावं, आणि तिथे ऐकलं नाही तर दुसरा डॉक्टर गाठावा.